पाणी आणि दोर

मी कवी माणूस. कायद्याचं शिक्षण मला नाही. बी.ए.पर्यंत शिकलो, तेही मराठी आणि इतिहास घेऊन. तरीही आज मी आपल्याशी एका वकिलाबद्दल आणि एका प्राध्यापकाबद्दल बोलणार आहे. हे दोघे म्हणजे एकच गृहस्थ, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचं नाव घेतलं की आपल्याला घटनेचे शिल्पकार आठवतात, नागपूरची दीक्षाभूमी आठवते, गावोगावचे पुतळे आणि निळे झेंडे आठवतात. काळा कोट घालून कोर्टाची पायरी चढणारे आणि वर्गात उभं राहून कायदा शिकवणारे बाबासाहेब मात्र फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. मला ते वरचेवर आठवतात. त्याला कारण आमच्या दारातला एक आड आहे.

आमचं गाव परतूर तालुक्यात, दुधनेच्या काठी. माझ्या लहानपणी हा तालुका परभणीत होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि आम्ही जालन्याचे झालो. आमच्या घरापुढे पणजोबांनी खोदलेला आड होता. बहात्तरच्या दुष्काळातही तो आटला नाही, असं घरचे अभिमानानं सांगायचे. उन्हाळ्यात दुपार कलली की बौद्धवाड्यातल्या बाया घागरी घेऊन यायच्या आणि आडापासून चार हात अंतरावर उभ्या राहायच्या. दोर आणि पोहरा आमच्या घरात असायचा. तो बाहेर आणायचा, पाणी शेंदायचं आणि वरून त्यांच्या घागरीत ओतायचं. पोहरा घागरीला टेकू द्यायचा नाही, एवढाच नियम. मी आठ-नऊ वर्षांचा झालो तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. दादी म्हणायची, तहानलेल्याला पाणी पाजणं हा मोठा सवाब आहे, पुण्य आहे. मला त्या कामाचा भारी अभिमान वाटायचा. एक म्हातारी आजी यायची. सगळा गाव तिला माय म्हणायचा. ती घागर धरून म्हणायची, "लेकरा, दमानं वत, सांडू नको."

पुढे मी शिकायला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालयात गेलो. तिथं कविता लिहायला लागलो. त्या आडावर एक कविता लिहिली. दादीचं मन, माय आजीची घागर, दोन धर्मांना जोडणारी पाण्याची धार, असं बरंच काही तीत होतं. वसतिगृहातल्या मुलांसमोर वाचली. टाळ्या पडल्या. माझ्याच तालुक्यातला, बौद्धवाड्यातून आलेला एक वर्गमित्र तेवढा गप्प बसला होता. नंतर चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "कविता चांगली आहे रे. एकच सांग. दोर कुणाच्या हातात होता?"

मला उत्तर देता आलं नाही. तो म्हणाला, "महाडचा खटला वाच. मग बोलू."

महाडचा सत्याग्रह आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. महाडचा खटला मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. तो समजून घ्यायचा तर बाबासाहेबांच्या त्या काळातल्या आयुष्याकडे आधी थोडं पाहायला हवं.

परदेशी शिक्षण अर्धवट टाकून परत आलेले बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांना मन लावून बसत. परंतु प्राध्यापकांसाठी पाण्याचा जो माठ ठेवलेला होता, त्यातलं पाणी या नव्या प्राध्यापकानं घेऊ नये, असा काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, पण माठापुढे त्याची पदवी चालली नाही. १९२० साली नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली आणि त्याच वर्षी मुंबईत वकिली सुरू केली.

तेव्हा वकिलीचा धंदा सॉलिसिटरांच्या ओळखीवर आणि त्यांनी दिलेल्या कामावर चालत असे. अस्पृश्य बॅरिस्टरला मोठी कामं कोण देणार? मग जिल्ह्याच्या कोर्टातली, गोरगरिबांची कामं त्यांच्याकडे येत. घर चालावं म्हणून १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले. १९२८ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले आणि १९३५ साली त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. ते पद त्यांनी १९३८ पर्यंत सांभाळलं. म्हणजे वकिली आणि शिकवणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात अनेक वर्षं हातात हात घालून चालल्या.

खटले त्यांनी कुणाचे घेतले, हेही पाहण्यासारखं आहे. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिक्षा झाली होती. पुण्याच्या सेशन्स कोर्टात बाबासाहेबांनी त्यांचं अपील चालवलं आणि सगळे सुटले. १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणानं लिहिणाऱ्या त्या एकाकी माणसाच्या बाजूनं बाबासाहेब उभे राहिले. तो खटला ते हरले. हरणार म्हणून घ्यायचा नाही, असा त्यांचा हिशोब नसावा.

आता महाड. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि तळं होतं तसंच राहिलं. मग २० मार्च १९२७ रोजी परिषदेला जमलेले हजारो लोक बाबासाहेबांच्या मागून तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात मारहाण झाली. तळं बाटलं म्हणून पंचगव्याच्या घागरी ओतून ते शुद्ध करून घेण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला जुना ठरावही मागे घेतला.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा विरोधकांनी काठी बाजूला ठेवली आणि ते कोर्टात गेले. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल झाला. मागणी अशी, की हे तळं स्पृश्यांच्या वहिवाटीचं आहे, अस्पृश्यांना त्यावर हक्क नाही असं जाहीर करावं आणि त्यांना कायमची मनाई करावी. प्रतिवादी नंबर एक, भीमराव रामजी आंबेडकर. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूमही निघाला.

विचार करा, मित्रहो. २५ डिसेंबरला महाडात हजारो लोक जमलेले. कुठून कुठून पायी आलेले. तळं समोर दिसतंय. नेता मात्र बॅरिस्टर आहे आणि कोर्टाचा हुकूम त्याच्या नावानं निघालेला आहे. त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली, ते आपल्याला ठाऊक आहे. पण तळ्यावर जाण्याचा सत्याग्रह बाबासाहेबांनी पुढे ढकलला. लोक नाराज झाले असणारच. लोकांना आवरणं त्यांना लोकांना उठवण्यापेक्षा अवघड गेलं असेल, असं मला वाटतं. ज्या कायद्याच्या जोरावर तळं मागायचं, तो कायदा आपल्या विरुद्ध गेला तेव्हा मोडायचा, हे त्यांना पटणारं नव्हतं. कोर्टानं विचारलं आहे ना, मग कोर्टातच उत्तर देऊ, असा तो निर्णय होता.

हे उत्तर द्यायला नऊ वर्षं लागली. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दाव्याचा निकाल लागला ८ जून १९३१ रोजी आणि दावा फेटाळला गेला. फिर्यादी ठाण्याच्या जिल्हा कोर्टात गेले. तिथलं अपील ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळलं गेलं. मग ते मुंबई हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी तेही अपील फेटाळलं. हे ब्रूमफील्ड म्हणजे ज्यांनी १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती, तेच. आणि ज्या दिवशी हायकोर्टाचा निकाल लागला, त्या दिवशी प्रतिवादी नंबर एक हे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते आणि नुकतेच विधिमंडळावर निवडून आलेले होते.

खटल्याचा सगळा भार एका शब्दावर होता. तो शब्द म्हणजे रूढी. फिर्यादींचं म्हणणं, अस्पृश्यांनी इथं पाणी भरायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे. इंग्रजांच्या कायद्यात रूढीला मोठा मान होता, पण त्याला अटी होत्या. रूढी प्राचीन हवी, निश्चित हवी, अखंड चालत आलेली हवी, वाजवी हवी. आणि जो रूढी सांगतो त्यानं ती सिद्ध करायची. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून सिद्ध करायची वेळ आली नव्हती. या खटल्यात प्रथमच विचारलं गेलं, की बाबांनो, अनादी म्हणजे कधीपासून?

हायकोर्टानं जे म्हटलं ते आपल्यासारख्या सामान्य माणसालाही पटावं असं आहे. कोर्ट म्हणतं, माणसांच्या आठवणीत अस्पृश्यांनी इथं पाणी घेतल्याचा पुरावा नाही, हे खरं. पण तेवढ्यानं अनादी रूढी सिद्ध होत नाही. देवळाची गोष्ट वेगळी. देऊळ बांधलं त्या दिवसापासून कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, हे ठरलेलं असू शकतं. हे तर चार-पाच एकरांचं उघडं तळं. पावसाचं पाणी आणि जमिनीतले झरे यांनी भरणारं. त्याच्या भोवती स्पृश्यांची घरं झाली ती नंतर. घरं होण्याआधी त्या पाण्यावर कोण कशाला पहारा ठेवील? म्हणजे मनाई आली ती घरांबरोबर. मग तळं अनादी असेल, मनाई अनादी कशी?

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अस्पृश्यता अन्यायाची आहे, असं त्या निकालात म्हटलेलं नाही. रूढी सिद्ध झाली नाही, एवढंच त्यात आहे. सिद्ध झाली असती तर ती वाजवी की गैरवाजवी, हा प्रश्न आला असता. तो कोर्टानं बाजूलाच ठेवला. विजय मिळाला, पण तो कायद्याच्या एका अरुंद पायवाटेवरून मिळाला. कायदा शिकवणाऱ्या माणसाला हे नक्कीच कळलं असणार. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांच्या देखरेखीखाली जी घटना तयार झाली, तिच्या पंधराव्या कलमात मोठमोठ्या तत्त्वांच्या शेजारी विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट असे साधे शब्द आलेले आहेत. सतराव्या कलमानं अस्पृश्यताच नष्ट केली. २६ जानेवारी १९५० पासून 'रूढी सिद्ध करा' असं म्हणण्याचीही गरज उरली नाही. घटना वाचताना पुष्कळांची नजर या विहिरींवरून पुढे जाते. माझी तिथं अडते.

आता माझ्या गोष्टीकडे येतो. हे सगळं वाचताना मला दोन गोष्टी सापडल्या आणि मी हरखून गेलो. पहिली म्हणजे, डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या मंडपासाठी महाडात कुणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. दुसरी गोष्ट खटल्यातलीच. चवदार तळ्याचं पाणी मुसलमान घेत असत. त्याबद्दल तक्रार नव्हती. म्हणजे परक्या धर्माच्या माणसानं पाणी घेतलं तर तळं बाटत नव्हतं आणि स्वधर्मातल्या अस्पृश्यानं घेतलं की बाटत होतं! स्पृश्यांच्या दाव्यातलं हे छिद्र आमच्या लोकांच्या ओंजळीनं पाडलेलं होतं, असं मला वाटलं. मी धावत त्या मित्राकडे गेलो. म्हटलं, "बघ, आम्ही तुमच्या बाजूनं होतो."

तो हसला. पेटीतून एक पातळसं इंग्रजी पुस्तक काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाला, "आता हे वाच."

'वेटिंग फॉर अ व्हिसा' असं त्या पुस्तकाचं नाव. बाबासाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलेल्या या आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली छापल्या होत्या. आमचं कॉलेज याच संस्थेचं, त्यामुळे पुस्तक वसतिगृहात हातोहात फिरत होतं. शब्दकोश शेजारी ठेवून मी वाचायला बसलो. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेल्या, वाटेत पाण्यावाचून राहिलेल्या लहान मुलाची हकीकत वाचली. बडोद्याची वाचली. आणि मग दौलताबाद आलं.

साल १९३४. म्हणजे महाडचा खटला ठाण्यात जिंकून झालेला, हायकोर्टात पडून असलेला. बाबासाहेब आणि त्यांचे तीसेक सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. तेव्हा आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचं ठरलं. रमजानचा महिना होता. प्रवासानं सगळे धुळीनं माखलेले. किल्ल्याच्या दरवाजाशी पाण्यानं काठोकाठ भरलेलं एक टाकं होतं. त्यातल्या काही जणांनी त्या पाण्यानं हातपाय, तोंड धुतलं. आत जायची परवानगी विचारत होते, तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान ओरडत मागून आला. जातीवरून शिवी देत तो म्हणत होता, की यांनी टाकं बाटवलं. पाहता पाहता गर्दी जमली. म्हातारे, तरुण सगळे शिव्या देऊ लागले. आम्ही बाहेरगावचे, इथली रीत आम्हाला ठाऊक नाही, असं सांगून पाहिलं. तर ते तिथल्या अस्पृश्यांवर घसरले, की तुम्ही यांना का नाही सांगितलं? दंगा होण्याची वेळ आली.

तेव्हा बाबासाहेबांनी त्या लोकांना विचारलं, की हेच तुमचा धर्म शिकवतो का? आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या टाक्याचं पाणी घेऊ द्याल की नाही? गर्दी गप्प झाली. कुणापाशी उत्तर नव्हतं. शेवटी किल्ल्यात जाऊ दिलं ते एका अटीवर, की आत कुठं पाण्याला हात लावायचा नाही. नजर ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

मी पुस्तक मिटलं. दौलताबाद आमच्या वसतिगृहापासून तासाभराच्या अंतरावर. तिथली माणसं माझ्या मुलखातली, माझी भाषा बोलणारी, माझ्यासारखेच रोजे ठेवणारी. ज्या दीनमध्ये एका सफेत सगळे उभे राहतात असं मी लहानपणापासून ऐकलं, त्याच दीनचे लोक उपाशीपोटी, रमजानच्या दिवसांत, तहानलेल्या माणसांच्या अंगावर धावून गेले होते. महाडचं पाणी मुसलमानांना खुलं होतं, याचा मला गर्व वाटला होता. दौलताबादचं पाणी कुणाच्या ताब्यात होतं? आणि आमच्या आडाचं? तिथं दंगा झाला नाही, शिवी कुणी दिली नाही, एवढाच फरक. दादीनं पाणी प्रेमानं दिलं. दोर मात्र दिला नाही.

मागून मिळालेलं पाणी आणि हक्कानं शेंदलेलं पाणी यांतला फरक त्या दिवशी मला कळला. महाडला लोक तहान भागवायला गेले नव्हते. आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला गेले होते. बाबासाहेबांनी हे त्याच वेळी सांगितलेलं आहे. मी ते शाळेच्या पुस्तकात वाचलंही होतं. वाचलं होतं, पण माझ्या दारातल्या आडाला लावून पाहिलं नव्हतं.

१९९१ साली बी.ए. होऊन मी गावी आलो. एका संध्याकाळी अब्बा आडाच्या काठावर बसले होते. मी विचारलं, "अब्बा, वाड्यातल्या बायांना आपण दोर का देत नव्हतो?"

अब्बा म्हणाले, "रिवाज था बेटा. सब ऐसाइच करते थे."

मी म्हटलं, "कबसे?"

"पहले से."

कायदा शिकलेला नसलो तरी महाडचा निकाल डोक्यात ताजा होता. मी विचारलं, "हा आड खोदला कुणी?" अब्बांनी सांगितलं, पणजोबांनी पैसा घातला, वडारांनी दगड फोडला, आणि माती काढायला वाड्यातली माणसं होती. मी म्हटलं, "मग ज्या दिवशी पाणी लागलं, त्या दिवशी पहिली ओंजळ कुणी प्यायली असेल?"

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. दोराचा पीळ हातानं चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "जो अंदर उतरा होगा, वोइच पिया होगा."

म्हणजे आमचाही रिवाज अनादी नव्हता. आड अगोदर, रिवाज नंतर. ब्रूमफील्डसाहेबांनी महाडच्या तळ्याबद्दल जे म्हटलं, ते परतूर तालुक्यातल्या एका आडालाही लागू पडत होतं.

अब्बांनी काही मोठं केलं नाही. त्यांचा तो स्वभाव नव्हता. इतकंच झालं, की त्यानंतर दोर आणि पोहरा संध्याकाळी घरात उचलून आणणं बंद झालं. तो आडाच्या काठावरच राहू लागला. ज्याला लागेल त्यानं शेंदावं. पण तोवर गावात हातपंप आला होता, आणि वाड्यातल्या बायांचं आमच्याकडे येणं जवळजवळ थांबलं होतं. माय आजी तर दोन वर्षांपूर्वीच गेली होती. दोर काठावर आला तो असा उशिरा.

मित्रहो, मी पुष्कळदा विचार करतो. बाबासाहेब नुसते वकील असते तर? महाडचं तळं त्यांनी जिंकलंच असतं. पण कायद्याचा हात सार्वजनिक तळ्यापर्यंत पोचतो. माणसाच्या अंगणात, त्याच्या दादीच्या पुण्याच्या कल्पनेत, त्याच्या पोराच्या कवितेत तो कसा पोचणार? तिथं समन्स जात नाही. तिथं प्रश्नच जावा लागतो, आणि प्रश्न विचारायला माणसं शिकावी लागतात.

म्हणूनच की काय, हा वकील आयुष्यभर शिकवण्याकडे वळत राहिला. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं. आणि १९५० च्या जूनमध्ये, ज्या मराठवाड्यात सोळा वर्षांपूर्वी त्यांना टाक्याला हात लावू दिला नव्हता, त्याच मराठवाड्यात त्यांनी कॉलेज सुरू केलं. दौलताबादपासून जवळच, औरंगाबादेत. तेव्हा मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. ते आलं १९५८ साली. पदवीसाठी पोरांना हैदराबादकडे डोळे लावावे लागत. त्या काळात जालना, परभणी, बीडच्या खेड्यांतली पोरं या कॉलेजात येऊन शिकू लागली. सगळ्या जातींची आणि सगळ्या धर्मांची. मी त्याच रांगेतला एक. ज्यांच्या आजोबांनी दोर आवळून धरला, त्यांच्या नातवांनाही त्या दारात कुणी अडवलं नाही.

त्या कॉलेजला त्यांनी पुढे नाव दिलं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. भिक्खू नागसेनाला त्यानं प्रश्नांवर प्रश्न विचारले, आणि उत्तरं पटल्यावर हार कबूल केली. प्रश्न विचारणाऱ्याचं आणि पटलं तर मान्य करणाऱ्याचं नाव कॉलेजला द्यावं, हे एखाद्या हाडाच्या शिक्षकालाच सुचतं. माझ्या वर्गमित्रानं मला टपरीवर विचारलेला प्रश्न त्या नावातूनच आलेला होता, असं आता वाटतं.

तो मित्र पुढे वकील झाला. अजून भेटतो. मी संग्रह काढले तेव्हा आडाची ती कविता कुठल्याच संग्रहात घेतली नाही. ती खोटी होती असं नाही. दादीचं प्रेम खरं होतं, माय आजीची घागरही खरी होती. पण तीत दोर नव्हता.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमचा आड पहिल्यांदा आटला. गावात टँकर यायचा. टँकर आला की सगळ्या आळ्यांतली माणसं नळ्या घेऊन एकदम धावायची. कुणाची नळी कुणाच्या नळीला लागली, हे पाहायला कुणाला सवड नव्हती. पुढच्या पावसाळ्यात आडाला पुन्हा पाणी आलं. रहाट गंजला आहे. दोर मी नवा आणून काठावर ठेवला आहे. मुलं येता-जाता त्याला लटकतात, आणि मी त्यांना ओरडत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)